नियंत्रकाने किती दिसावे? छंदी गटातील नियम, कारवाई आणि मी उडवलेला एक धागा

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

सर्वांना नमस्कार.

आकाशनिरीक्षणाची आवड असलेल्यांच्या एका ऑनलाइन चर्चागटाचे नियंत्रण मी गेली पाच वर्षे दोन सहकाऱ्यांसह पाहतो. सुरुवातीला जेमतेम साठ सदस्य होते, सगळे एकमेकांना नावाने ओळखत आणि "सभ्यतेने बोला, विषयाला धरून बोला" एवढे एकच वाक्य नियम म्हणून पुरत होते. आज सदस्यसंख्या चार हजारांच्या वर गेली आहे आणि ते वाक्य कोणाच्याच कामाचे राहिलेले नाही, कारण सभ्यता कशाला म्हणायचे आणि विषय कोठे संपतो, याची प्रत्येकाची कल्पना वेगळी आहे. गेल्या महिन्यात माझ्या हातून जे घडले ते चूकच होते, असे मला दिवसेंदिवस अधिक वाटू लागले आहे. ते आधी जसेच्या तसे सांगतो.

एका नव्या सदस्याने मृग नक्षत्रातील तेजोमेघाचे आपले पहिलेवहिले छायाचित्र टाकले आणि तारे ठिपक्यांऐवजी रेघांसारखे का आले आहेत, असे विचारले. आमच्याकडच्या एका जुन्या आणि अतिशय जाणत्या सदस्याने उत्तर दिले. उत्तराचा पहिला भाग कोणीही जपून ठेवावा असा होता. कॅमेरा तिपाईवर स्थिर असला तरी पृथ्वी फिरत असते, म्हणून तारे चित्रात सरकतात. ५०० या संख्येला भिंगाच्या नाभीय अंतराने (मिलिमीटरमधल्या फोकल लेंथने) भागले की शटर किती सेकंद उघडे ठेवता येईल याचा साधारण अंदाज मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगाला तो १० सेकंद येतो आणि आपण तर ३० सेकंद दिले आहेत, असे त्यांनी नीट समजावले होते. त्यापुढचे वाक्य मात्र असे होते: "एवढेही वाचण्याचे कष्ट घ्यायचे नसतील तर कॅमेरा विकून टाका."

त्यानंतर दोन तासांत चाळीसच्या आसपास प्रतिसाद आले. जुन्या सदस्याची बाजू घेणारे आणि त्यांच्यावर तुटून पडणारे असे सरळ दोन तट पडले. त्या धाग्यावर मीही दोन प्रतिसाद दिले होते आणि त्यांतला दुसरा मी रागाच्या भरात लिहिला होता. रात्री साडेअकराच्या सुमारास मी संपूर्ण धागाच उडवला. कोणालाही व्यनि (व्यक्तिगत निरोप) पाठवला नाही, धाग्याच्या जागी एक ओळही ठेवली नाही. सकाळी पाहतो तो नवा सदस्य गट सोडून गेलेला, त्या जुन्या सदस्याने लिहिणे थांबवलेले, आणि "नियंत्रक स्वतःच वादात सापडले म्हणून धागा गेला" असे सांगणारा नवा धागा सर्वांत वर.

तुलनेसाठी दुसरा प्रसंग सांगतो. त्याच महिन्यात एका सदस्याने दुर्बिणीतून सूर्य पाहण्यासाठी नेत्रिकेच्या (डोळा लावायच्या भिंगाच्या) टोकाला बसवायची छोटी काळी काच वापरा, असा सल्ला दिला होता. तो प्रतिसाद मी दहा मिनिटांत काढला आणि खाली लिहिले: "सूर्याची उष्णता जेथे एकवटते तेथेच ही काच बसते आणि ती तडकू शकते, डोळा कायमचा जाऊ शकतो. गाळणी दुर्बिणीच्या पुढच्या तोंडावरच, पूर्ण रुंदीची हवी." यावर एकाही सदस्याने हरकत घेतली नाही, उलट ज्यांचा प्रतिसाद काढला त्यांनीच आभार मानले.

दुसरा विषय गंभीर होता म्हणून लोकांनी कारवाई मान्य केली आणि पहिला किरकोळ होता म्हणून ते चिडले, असा अर्थ मी लावला आहे. पण मला त्याची खात्री वाटत नाही. नियम किती आणि किती बारकाईने लिहावेत, ज्ञानाने मोठ्या पण जिभेने तिखट सदस्याशी कसे वागावे, धागा उडवावा की वाचनमात्र करावा, आणि नियंत्रकाने चर्चेत स्वतः उतरावे की नाही, याबद्दल अनुभवी मंडळींनी मोकळेपणाने लिहावे, अशी विनंती आहे.

रंधा

ध्रुवमत्स्य, आपण प्रसंग आडपडदा न ठेवता मांडला, त्यामुळे बोलणे सोपे झाले आहे. लाकूडकामाच्या एका गटाचे नियंत्रण मी अकरा वर्षे केले आहे, त्या आधारावर लिहितो.

आपण लावलेला अर्थ मला पटत नाही. दोन्ही प्रसंगांतला खरा फरक विषयाच्या गांभीर्याचा नाही, तर आपण लिहिलेल्या दोन ओळींचा आहे. सूर्याच्या प्रसंगात प्रतिसाद गेला, पण तो का गेला हे त्याच जागी राहिले. ज्याला वाचायचे होते त्याने ते वाचले आणि जाता जाता नेत्रिकेच्या काचेबद्दल शिकूनही गेला. छायाचित्राच्या प्रसंगात मजकूर गेला आणि कारणही गेले. कारण दिले नाही की सदस्य ते आपल्या मनाने तयार करतात, आणि माणूस मनाने तयार केलेल्या कारणात नियंत्रकाचा हेतू क्वचितच चांगला असतो. ज्या दिवशी एखाद्या कारवाईचे कारण लिहायला मला शब्द सापडत नाहीत, त्या दिवशी मी ती कारवाई करत नाही, हे मी स्वतःला घालून घेतलेले बंधन आहे.

आपण उडवलेल्या धाग्यात सुक्याबरोबर ओलेही जळले, याची मला अधिक हळहळ वाटते. ५०० ला नाभीय अंतराने भागण्याचे ते स्पष्टीकरण पुढच्या शंभर नवख्यांच्या कामाला आले असते. आमच्याकडे रीत अशी आहे की प्रतिसाद आधी लपवायचा, मग लिहिणाऱ्याला व्यनि करून सांगायचे: "तुमचे पहिले पाच परिच्छेद आम्हाला हवे आहेत, शेवटचे वाक्य नको आहे; ते वगळून पुन्हा टाकाल का?" ते वाक्य आम्ही स्वतः कधीही कापत नाही. दुसऱ्याच्या नावाखालचा मजकूर नियंत्रकाने बदलला की त्या माणसाच्या तोंडी त्याने न उच्चारलेले शब्द घातल्यासारखे होते, आणि तेवढ्या एका कृतीने गटातील सगळ्या लेखनावरचा विश्वास उडतो. लपवावे, परत करावे, वाटल्यास काढून टाकावे, पण बदलू नये, एवढे पथ्य पाळले तरी निम्मी भांडणे टळतात.

साठ जणांचा गट चार हजारांचा झाला की तोंडी शिस्त का पुरत नाही, याचे जुने उदाहरण यूजनेटचे आहे. १९८० मध्ये विद्यापीठांतून सुरू झालेल्या त्या चर्चागटांच्या जाळ्यावर दर सप्टेंबरात नवे विद्यार्थी येत, काही आठवडे गोंधळ घालत आणि जुन्यांकडून रीतभात शिकून त्यांच्यात मिसळून जात. १९९३-९४ च्या सुमारास सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांनी आपल्या असंख्य ग्राहकांना तेथे प्रवेश खुला केला, तेव्हा येणाऱ्यांचा ओघ थांबेना आणि शिकवणारे अपुरे पडले. जुने लोक त्या काळाला कधीच न संपलेला सप्टेंबर म्हणतात. तेथील काही गटांत प्रत्येक पत्र आधी नियंत्रकाकडे जाई आणि त्याने होकार दिला तरच प्रसिद्ध होई. बाकीच्या गटांत नको असलेल्या लेखकाला ज्याने त्याने आपल्यापुरते गाळायचे, असा शिरस्ता होता. पहिल्या पद्धतीत दर्जा टिकतो, पण नियंत्रक आजारी पडला की गटही आजारी पडतो. दुसरीत कोणाचा जाच होत नाही, पण नव्या माणसाला कोणाला गाळायचे हेच ठाऊक नसते आणि तो पहिल्या धक्क्यालाच परत जातो. आपल्या गटाने या दोहोंच्या मधली वाट काढायची असेल, तर रीतभात लिहून ठेवण्याला पर्याय नाही.

पण ती एका बैठकीत लिहू नका. आमचे नियम नऊ आहेत आणि प्रत्येकामागे एक घडलेला प्रसंग आहे. विक्रीच्या धाग्यात वस्तूशेजारी आपले सदस्यनाव आणि तारीख हाताने लिहिलेली चिठ्ठी ठेवूनच छायाचित्र काढावे, हा नियम एका सदस्याने दुसरीकडून उचललेले चित्र लावून रंध्यांचा जोड विकायला काढला, त्या दिवशी आला. प्रसंग ठाऊक असला की नियम कोणाला जाचक वाटत नाही. जे अजून घडलेलेच नाही त्यासाठी आधीच कलमे लिहून ठेवली की पळवाटा शोधणाऱ्यांनाच ती तोंडपाठ होतात.

राहिला आपण स्वतः वादात उतरण्याचा प्रश्न. नियंत्रकाने लिहूच नये, असे मी म्हणणार नाही; आपल्याला आकाशाची आवड आहे म्हणूनच आपण हे काम पत्करले आहे आणि ती आवड गिळून बसलेला नियंत्रक फार दिवस टिकत नाही. पण ज्या धाग्यावर लिहिले त्या धाग्यावर हातात काठी घ्यायची नाही. स्लॅशडॉट या संकेतस्थळाने हे तत्त्व थेट रचनेतच बसवले होते: तेथे सदस्यांना इतरांच्या प्रतिसादांची श्रेणी वरखाली करण्यासाठी मोजके गुण मिळत, पण ज्या चर्चेत तुम्ही स्वतः लिहिले त्या चर्चेत ते वापरता येत नसत. आपण तिघे आहात. वादात असलेल्याने सहकाऱ्याला हाक मारावी. तिघेही वादात असतील तर धागा सकाळपर्यंत वाचनमात्र करावा आणि तसे लिहून ठेवावे. रात्री साडेअकराला घेतलेले निर्णय सकाळी क्वचितच योग्य वाटतात.

पाऊलखुणा

मी कोठेही नियंत्रक नाही. कारवाई झालेल्या माणसाच्या बाजूने बोलणारे येथे कोणीतरी असावे, म्हणून लिहिते आहे.

जुन्या कॅमेऱ्यांची दुरुस्ती हा माझा छंद आहे. काही वर्षांपूर्वी अशाच एका गटात एका सदस्याने अडकलेल्या शटरच्या पात्यांना तेलाचा थेंब द्या, असे सुचवले होते. भिंगामधल्या शटरची पाती कोरडीच चालायला हवीत. तेल लागले की ती एकमेकांना चिकटतात आणि मूळ दुखणे वाढते. मी तसे लिहिले आणि कदाचित थोडे ठामपणे लिहिले. सल्ला देणारे गृहस्थ नियंत्रकांच्या जवळच्यांपैकी होते, हे मला नंतर कळले. त्या दिवसापासून माझ्या लेखनाला एकही उत्तर येईना. मी मात्र लिहीत राहिले. कोणी स्प्रिंग कोठे मिळेल असे विचारले तर मी सविस्तर सांगे, कोणाचे भिंग धुरकट झाले असेल तर ते कसे उघडावे याची आकृती काढून टाके. तीन आठवड्यांनी एकदा प्रवेश न करता तोच गट उघडला, तेव्हा माझे एकही अक्षर तेथे दिसले नाही. माझे लेखन फक्त मलाच दिसेल, अशी व्यवस्था करून ठेवलेली होती. तीन आठवडे मी भिंतीशी बोलत होते.

जाहिराती चिकटवणाऱ्या यंत्रांसाठी ही युक्ती योग्य आहे, कारण यंत्राला आपण अडवले गेलो हे कळले की ते दुसऱ्या नावाने परत येते. माणसासाठी तिच्याइतकी अपमानास्पद दुसरी गोष्ट मला ठाऊक नाही. "तुम्हाला महिनाभर लिहिता येणार नाही" असे तोंडावर सांगितले असते तर मी भांडले असते, रुसले असते आणि बहुधा परतही आले असते.

रंधा यांचे नऊ नियम मला आवडले, पण नियम लिहून कंपूबाजी जात नाही. आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचे ते कार्टे, ही वृत्ती नऊ नियमांतूनही वाट काढते. तिच्यावर उपाय एवढाच की कारवाईची नोंद सर्वांना दिसावी आणि दाद मागण्याची जागा कारवाई करणाऱ्यापेक्षा वेगळ्या माणसाकडे असावी. मोठ्या कंपन्यांनी मजकूर काढताना काय पाळावे, याबद्दल २०१८ मध्ये काही नागरी हक्क संघटनांनी आणि अभ्यासकांनी सांता क्लारा तत्त्वे मांडली. त्यांचा गाभा तीन गोष्टींचा आहे: किती मजकूर काढला याचे आकडे जाहीर करा, ज्याचा काढला त्याला कारणासह कळवा, आणि त्याला फेरविचार मागता येऊ द्या. कंपन्यांना हे अवघड जाते कारण त्यांच्यापुढे रोजचा अफाट ढिगारा असतो. तीन नियंत्रक आणि चार हजार सदस्यांच्या गटाला यातले कळवणे आणि फेरविचार या दोन गोष्टी आजपासून सहज करता येतील. मेटाफिल्टर या जुन्या समुदायाने गटाच्या कारभाराविषयी बोलण्यासाठी एक वेगळा विभागच ठेवला होता. तसा विभाग असला की तक्रार तारे आणि तेजोमेघांच्या धाग्यांमध्ये येऊन अवांतर होत नाही आणि ती दडपलीही जात नाही.

जाणत्या पण तिखट सदस्यांबद्दल मला एवढेच म्हणायचे आहे, की ते गेले तर सर्वांना दिसते आणि नवखा गेला तर कोणालाच दिसत नाही. नवखा तक्रार करत नाही, निरोपाचा धागा काढत नाही, फक्त परत येत नाही. त्यामुळे नियंत्रकांच्या मनातला हिशेब नेहमी जुन्यांच्या बाजूने झुकतो. "त्यांच्यामुळे गटाला किती मिळते" हे मोजता येते. त्यांच्या एका वाक्यामुळे किती जणांनी प्रश्न लिहून पुसून टाकला, हे मोजता येत नाही.

समांतर

वरचे दोन्ही प्रतिसाद नियंत्रकाने कसे वागावे याबद्दल आहेत. मला त्याआधीचा प्रश्न विचारायचा आहे: आपला गट ग्रंथालय आहे की कट्टा?

स्टॅक ओव्हरफ्लो हे प्रोग्रॅमरांचे प्रश्नोत्तरस्थळ २००८ मध्ये सुरू झाले, तेव्हा त्याने ग्रंथालय होण्याचे ठरवले. प्रश्न विचारणाऱ्यापेक्षा पुढे तो शोधत येणाऱ्या हजारोंचा विचार आधी करायचा, तोच प्रश्न पुन्हा आला तर जुन्याकडे बोट दाखवून तो बंद करायचा, आभाराची आणि ख्यालीखुशालीची वाक्ये काढून टाकायची, आणि हे सगळे बहुतांशी सदस्यांनीच मतांनी आणि साठवलेल्या गुणांनी मिळालेल्या अधिकारांतून करायचे. त्यातून अप्रतिम संग्रह उभा राहिला. पण २०१८ मध्ये खुद्द त्या कंपनीनेच जाहीरपणे मान्य केले की नव्या आणि बाहेरून येणाऱ्या लोकांना ती जागा परकी आणि कठोर वाटते, आणि त्याच वर्षी आचारसंहिता बदलली. त्यांचे नियम अपयशी ठरले, असे मी म्हणत नाही. ग्रंथालयासाठी ते उत्तम होते. कट्ट्याची अपेक्षा घेऊन आलेल्या माणसाला ते लागू केल्यावर तो दुखावला.

ध्रुवमत्स्य यांच्या जाणत्या सदस्यांना गट ग्रंथालय वाटतो, म्हणून शंभरदा उत्तर दिलेला प्रश्न पाहून त्यांचा संताप होतो. नव्या मुलाला (तो मुलगाच असेल असे मी धरून चाललो आहे) गट कट्टा वाटतो, म्हणून आपले पहिले चित्र घेऊन तो हौसेने आला. दोघेही आपापल्या जागी बरोबर आहेत आणि गटाने त्यांना कधीच सांगितले नाही की ते कोणत्या दालनात उभे आहेत. नवख्यांच्या पहिल्या प्रश्नांसाठी स्वतंत्र विभाग करा, त्यात "आधी शोधा" हे शब्द वापरायला मनाई करा, आणि त्या विभागात फक्त ज्यांना पुन्हा पुन्हा समजावण्याचा कंटाळा येत नाही त्यांनीच उत्तरे द्यावीत, असे सुचवा. अशी माणसे प्रत्येक गटात असतात, फक्त त्यांना कोणी बोलावलेले नसते.

मतांवर चालणाऱ्या नियंत्रणाबद्दल सावधगिरीचा एक शब्द. डिस्कोर्स या २०१३ पासूनच्या चर्चाप्रणालीत सदस्याच्या विश्वासाच्या ० ते ४ अशा पायऱ्या आहेत. वाचन आणि सहभाग जसा वाढतो तसे अधिकार आपोआप वाढतात, आणि शेवटची पायरी मात्र माणसांनीच द्यावी लागते. ही रचना मला आवडते, कारण तीत वाचनालाही किंमत आहे. पण निव्वळ आवडनिवड मोजणारी मते लहान गटात घातक ठरतात. चार हजार सदस्यांत रोज लिहिणारे बहुधा शंभरच असतील, आणि त्यांतले पंधरा एकमेकांचे स्नेही असले की गटाचे मत म्हणजे त्या पंधरांचे मत होऊन बसते.

रंधा

पाऊलखुणा, तीन आठवड्यांची आपली हकिगत वाचून मी आमच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या. आम्ही ती युक्ती दोनदा माणसांवर वापरली होती. दोन्ही वेळा ती सोयीची वाटली होती, कारण तिच्यामुळे आम्हाला भांडणाला तोंड द्यावे लागले नाही. आज सहकाऱ्यांना लिहून ती यंत्रांपुरतीच ठेवण्याचे ठरवले आहे.

फेरविचार दुसऱ्या नियंत्रकाकडे असावा, हे पूर्ण मान्य. कारवाईच्या जाहीर नोंदीत सदस्याचे नाव मात्र असू नये, असे माझे ठाम मत आहे. तारीख, नियम क्रमांक, काय केले आणि फेरविचारात काय ठरले, एवढे पुरते. नाव लिहिले की ती नोंद राहत नाही, धिंड होते. चुकलेल्या माणसाला परत येण्याचा रस्ताच उरत नाही, आणि तो डूआयडी (दुसऱ्या नावाचे खाते) घेऊन येतो.

पायऱ्यांचा मुद्दा समांतर यांनी विश्वासाबद्दल मांडला, तो शिक्षेलाही लागू आहे. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, ते सामायिक कुरणे, मासेमारी, पाटपाणी अशा गोष्टी लोक आपसांत कशा सांभाळतात याच्या अभ्यासासाठी. दीर्घकाळ टिकलेल्या व्यवस्थांमध्ये त्यांना जी समान लक्षणे आढळली, त्यांपैकी एक असे की पहिल्या चुकीला शिक्षा अगदी हलकी असते आणि ती पुन्हा पुन्हा घडली तरच वाढत जाते. दुसरे असे की नियम ज्यांना लागू होतात त्यांना ते बदलण्यात वाटा असतो. आमच्याकडे पहिल्या वेळी फक्त व्यनि, दुसऱ्या वेळी धाग्यावर सूचना, मग आठवडाभर लेखनबंदी, मग महिनाभर. अकरा वर्षांत कायमची बंदी ज्यांच्यावर घातली त्यांत जाहिराती आणि फसवणूक वगळता तिघेच आहेत.

किरणमापक

यंत्रांवर किती सोपवावे, याबद्दल थोडक्यात लिहितो. शब्दांची यादी करून प्रतिसाद आपोआप काढण्याची सोय दिसायला आकर्षक असते. १९९६ मध्ये एओएल या इंटरनेट सेवा देणाऱ्या कंपनीच्या शब्दगाळणीने इंग्लंडमधील स्कन्थॉर्प गावाच्या रहिवाशांना खातीच उघडू दिली नव्हती, कारण गावाच्या नावाच्या पोटात एका शिवीची अक्षरे होती. आजही मूळ दोष तोच आहे: गाळणीला अक्षरे दिसतात, हेतू दिसत नाही. "कॅमेरा विकून टाका" या वाक्यात एकही वाईट शब्द नाही, हे येथे लक्षात घ्यावे.

म्हणून यंत्राने संशयित प्रतिसाद रांगेत लावावा, निर्णय माणसाने घ्यावा. एक यांत्रिक सोय मात्र मनापासून सुचवतो: तापलेल्या धाग्यावर एका सदस्याला ठरावीक मिनिटांत एकच प्रतिसाद देता येईल, असे बंधन घालता येते. दोन तासांत चाळीस प्रतिसाद आलेच नसते. उत्तरासाठी पंधरा मिनिटे थांबावे लागले की माणूस आपला मजकूर पुन्हा वाचतो, आणि पुष्कळदा तो पाठवतच नाही.

ध्रुवमत्स्य (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. गेल्या चार दिवसांत जे केले ते कळवतो.

धागा मी उडवला असे लिहिले होते, पण आमच्या प्रणालीत तो पूर्ण नष्ट न होता लपवलेल्या धाग्यांत राहतो, हे सहकाऱ्याने लक्षात आणून दिले. कारवाई मी करायची नाही असे ठरवून तो त्यांच्याकडे सोपवला. त्यांनी धागा वाचनमात्र करून परत आणला, सहा प्रतिसाद लपवले, आणि त्या सहांत माझा दुसरा प्रतिसाद आहे. वर सूचना लावली आहे: "हा धागा कारण न देता काढला होता, ती नियंत्रकांची चूक होती. वैयक्तिक शेरे असलेले सहा प्रतिसाद लपवले आहेत. फेरविचार हवा असल्यास तिसऱ्या नियंत्रकांना लिहावे." दोघांनी लिहिले, त्यांपैकी एकाचा प्रतिसाद परत दिला.

जुन्या सदस्यांना रंधा यांनी सांगितल्याप्रमाणे व्यनि केला. दोन दिवस उत्तर आले नाही. तिसऱ्या दिवशी त्यांनी तेच स्पष्टीकरण शेवटचे वाक्य वगळून नव्या धाग्यात टाकले आणि त्यात भरही घातली: कॅमेऱ्याचा संवेदक (सेन्सर) लहान असेल तर नाभीय अंतराला आधी दीडने गुणून घ्यावे, म्हणजे ५० मिलिमीटरला १० ऐवजी साडेसहा सेकंदच येतात. माझ्या व्यनिबद्दल त्यांनी एक अक्षरही लिहिले नाही, आणि मीही विचारले नाही.

नवख्यांचा विभाग उद्या उघडत आहोत. "आधी शोधा" या शब्दांवर मनाई घालायला एक सहकारी तयार नाहीत. त्यांचे म्हणणे असे की जुन्या उत्तराचा दुवा देणे हीसुद्धा मदतच आहे. तूर्त आम्ही असे लिहिले आहे: "जुने उत्तर उपयोगी असेल तर दुवा द्यावा, पण त्यासोबत प्रश्नकर्त्याच्या चित्राबद्दल किमान एक वाक्य लिहावे." ही शब्दरचना पुरेशी आहे का, यावर समांतर यांचे मत हवे आहे.

निघून गेलेल्या सदस्याला त्यांनी नोंदवलेल्या ईमेलवर पत्र लिहिले, चुकीची कबुली दिली आणि नव्या धाग्याचा दुवा जोडला. उत्तर आलेले नाही. दुसरे पत्र पाठवावे, की गट सोडण्याचा त्यांचा निर्णय मानून गप्प बसावे, हे मला ठरवता येत नाही. पाऊलखुणा, अशा वेळी तुम्हाला दुसरे पत्र आलेले आवडले असते का?